खवल्या मांजर आणि बिननावाची राजकन्या

एका राज्यात एक राजकन्या होती, पण तिला नाव नव्हते. हसू नका! त्या राज्याची रीतच तशी. बाळाच्या कानात नाव सांगावे ते आत्याने. दुसऱ्या कोणी ठेवले तर ते लागत नसे. आणि राजाची एकुलती एक बहीण पद्मालया बारशाच्या आदल्या दिवशीच नाहीशी झाली. पाळणा हलला, घुगऱ्या वाटल्या, नाव मात्र राहिले.

मुलगी मोठी झाली. बाप म्हणे "अगं", दासी म्हणत "बाईसाहेब". अंगणात मुली एकमेकींना हाका मारीत खेळत आणि ही खांबाशी उभी राही. फार एकटी होती बिचारी. शेवटी ती आत्याच्या शोधात अरण्यात निघाली.

वडावर धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "एका मांत्रिकाने राजाच्या खजिन्याच्या किल्ल्या मागितल्या, तुझ्या आत्याने दिल्या नाहीत. त्याने खजिनाच तिच्या अंगाला चिकटवला. नाण्यांचे खवले झाले, बाईचे जनावर झाले. सोन्याची आस न धरता कोणी मायेचे नाव देईल, तरच ती सुटेल."

"मी काय करू, पक्षिराज?"

"शस्त्र टाक. दागिने टाक. मग तिला हाक मार."

पहिली दोन कामे चुटकीसरशी झाली. तिसरे अवघड. जिला जन्मात कोणी हाक मारली नाही, तिने हाक मारावी तरी कशी?

वारुळापाशी ते जनावर दिसले. "आत्याबाई!" म्हणताच त्याने अंगाचे वेटोळे केले. करणारच! राजाचे शिपाई अशाच गोड हाका मारीत येत आणि खवले उपटून नेत. मुलगी मागे फिरली नाही, शेजारी मांडी घालून बसली. तिन्हीसांजेला वेटोळे सुटले आणि एक लांब जीभ तिचा तळवा चाटू लागली. राजवाड्यात न बोलावता तिच्याजवळ येई ते एक मांजरच. तिला रडू कोसळले.

"माझ्या खवल्या मांजरा," ती म्हणाली, "ये, मांडीवर ये."

सारे खवले गळून पडले. जिथे पडले तिथे त्यांची तशीच जनावरे झाली आणि बिळांत शिरली. खवल्या मांजर हे नाव त्यांनी अजून सोडलेले नाही. खजिना गेला तो गेलाच. मांत्रिक हात चोळीत बसला.

मुलीपुढे पिकल्या केसांची एक बाई उभी होती. "तू कोणाची गं?"

"तुमच्या भावाची. माझे बारसे राहिले आहे."

आत्याने पदराने डोळे पुसले, तिच्या कानाशी तोंड नेले, कुर्र केले आणि म्हणाली, "चित्रांगी."

मुलीने ते नाव स्वतःशीच एकदा म्हणून पाहिले. मग म्हणाली, "आत्याबाई, आता जरा लांब जा, आणि तिथून हाक मारा."