कोरड्या अंगाचा आकडा

एकदा एका गावच्या तालमीत एक वृद्ध वस्ताद मुलींना कुस्ती शिकवीत असत. गावाने नावे ठेवून झाली, हसून झाले, आणि शेवटी गाव गप्प बसले. कारण त्यांची एक शिष्या अशी तयार झाली होती की ती आखाड्यात उतरली की मुलगेही जोड द्यायला कां कूं करीत.

जिल्ह्याची निवड चाचणी आठ दिवसांवर आली, आणि या गुणी मुलीला दुर्बुद्धी सुचली. आपल्या अंगात चरबी किती, हे एकदा नक्की समजले पाहिजे, असे तिच्या मनाने घेतले.

तालमीत दर महिन्याला वस्तादांची सून तिच्या दंडामागची कातडी चिमट्यात धरून मोजीत असे. त्या हिशेबाने आकडा होता बावीस टक्के. तालुक्याच्या व्यायामशाळेत वजनकाट्यासारखे एक यंत्र होते, त्यावर ती अनवाणी उभी राहिली, तर पंचवीस आला. मग तिने दवाखान्यात जाऊन सगळ्या अंगाचा स्कॅन करून घेतला. तो म्हणाला चोवीस. अंग एक आणि आकडे तीन! आता यातला कोणता धरावा? माणूस अशा वेळी जो आकडा सर्वांत जास्त बोचतो, तोच खरा मानतो. तिनेही पंचवीस धरला आणि तो उतरवायला अन्न तोडले, पाणी तोडले. पैलवान वजन उतरवायला करतात तेच तिने केले.

दोन दिवसांनी ती पुन्हा त्याच यंत्रावर उभी राहिली. आकडा आला अठ्ठावीस.

ती तालमीत परतली तेव्हा तिचे ओठ फुटले होते आणि पिंढऱ्यांत गोळे येत होते. वस्तादांसमोर बसून ती रडू लागली.

"वस्ताद, माझं नाव काढा चाचणीतनं. उपाशी ऱ्हाऊन बी चरबी वाढत्या माझी. हे अंगच कुस्तीचं न्हाई."

वस्तादांनी सगळे ऐकून घेतले. समजूत काढली नाही की रागावले नाहीत. त्यांनी सुनेला हाक मारून पाण्याचा तांब्या आणवला.

"पी."

ती प्यायली. थोड्या वेळाने दुसरा तांब्या आला. मग भाकरी, पिठले आणि वाटीभर दही. "आणि उद्या सकाळच्याला त्याच मशीनवर उभी ऱ्हा. मी येतो संगं."

म्हाताऱ्याला चळ लागला, असे तिला वाटले. पण वस्तादांचा शब्द मोडायची तालमीत रीत नव्हती. ती रडत रडत जेवली आणि झोपेपर्यंत पाणी पीत राहिली.

सकाळी यंत्राने पंचवीस दाखवला. ती एकदा आकड्याकडे आणि एकदा वस्तादांकडे बघू लागली.

"एका रात्रीत तीन टक्के? जेवून?"

वस्ताद बाकावर टेकले आणि म्हणाले, "पोरी, ह्या मशीनला चरबी दिसत न्हाई. ती तळपायातनं बारीक वीज सोडत्या. अंगात पाणी असलं की वीज सरळ जात्या, चरबीत अडत्या. तू पाणी तोडलंस, वीज अडली, आणि मशीननं तुझी तहान चरबी म्हणून मोजली. चिमट्याला कातडीखालचं कळतं, आतलं कळत न्हाई, आणि हात बदलला की आकडा बदलतो. दवाखान्याचा स्कॅन तिघांत खऱ्याच्या जवळचा, पण त्यो बी जरा हिकडंतिकडं होतोच."

"मग मी धरू तरी काय?"

"सुनेचा चिमटा. त्यो चुकत असंल, पण दर महिन्याला तेच बोट, तीच जागा, तीच सकाळची वेळ. म्हंजे चूक बी तेवढीच. दसऱ्याला तुझं सव्वीस होतं, आज बावीस हाय. बावीस खरं का चोवीस, ते दवाखाना बघंल. पण चार उतरलं, ते खरं. ती तुझी मेहनत हाय."

मुलीने डोळे पुसले. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला! ज्या अंगाला ती वैरी समजत होती, ते दसऱ्यापासून मुकाट्याने तिच्याच बाजूने झटत होते.

"म्हंजे नाव ऱ्हाऊ द्यायचं?" तिने विचारले.

"काढलंय कुणी?" वस्ताद म्हणाले.

वाटेत बसस्टँडवर तिने वस्तादांना थांबायला सांगितले. त्यांना वाटले, पुन्हा कुठे मोजायला निघाली की काय! पण ती नळावर गेली, ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "वस्ताद, लई भूक लागल्या. भाकरी असंल का ओ घरी?"

आपणही स्वतःला मोजतोच. फक्त ज्या दिवशी आपण आतून कोरडे पडलेले असू, त्या दिवशीचा आकडा मनावर घेऊ नये.