मुक्याने दिलेला कंद

रानाच्या कडेला एक गाव होते आणि त्या गावात एक म्हातारा माळी राहत असे. फणसांच्या दाट सावलीत त्याची बाग होती, आणि बागेत कळलावीचा वेल. पावसाळ्यात त्याला ज्वाळांसारखी लाल-पिवळी फुले येत. ती बघायला सारा गाव लोटे, आणि म्हातारा आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने झारी घेऊन हिंडे.

वेलाचा कंद विषारी होता. म्हाताऱ्याला ते ठाऊक होते, पण त्याने कोणाला सांगितले नव्हते. सांगितले तर आयाबाया कुदळी घेऊन येतील, ही भीती. शिवाय गावची रीत त्याच्या सोयीची होती. रोप असो की कंद, ते मुक्याने शेजाऱ्याच्या ओट्यावर ठेवून निघून यायचे. बोलून दिलेले झाड जगत नाही म्हणे. रीत कोणी घातली हे कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे ती मोडायची परवानगी मागणार कोणाकडे?

शेजारची सून एकदा म्हणाली होती, "तात्या, असा वेल आमच्या परसात असता, तर मी माहेरी गेलेच नसते."

म्हातारा सुखावला. माघात वेल वाळल्यावर त्याने एक कंद उकरला आणि तिच्या ओट्यावर ठेवून आला. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र आहे, एवढे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही.

कंद कुठे लावला ते पाहायला तो सकाळी गेला. परसात माती हललेली नव्हती. चुलीवर पातेले रटरटत होते आणि सुनेची चार वर्षांची मुलगी ताटली घेऊन बसली होती.

"या तात्या. उपवासाला कंद ठेवून गेलात, बरं केलंत. हिला रताळी आवडत नाहीत."

म्हाताऱ्याने चौकट धरली. "तो किडका आहे. दे परत."

"किडका कुठला? सोललाय मी. पांढराशुभ्र आहे."

"मग मला हवाय तो."

"दिलेलं परत मागता? बसा, तुम्हालाही वाढते."

मुलीने ताटली पुढे केली.

"अगं, विष आहे ते," म्हातारा म्हणाला. "माझ्या वेलाचा कंद आहे. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

सुनेने पातेले उतरवले आणि मुलीला जवळ ओढले. मग तिने विचारले, "तात्या, फुलं इतकी लाडकी होती?"

"फुलांपेक्षा बघणारे."

त्या दिवशी म्हातारा दारोदार जाऊन सांगत फिरला. निम्म्या गावाने आपल्याला हे आधीच माहीत असल्याचे सांगितले. काही बायका कुदळी घेऊन आल्याच. म्हाताऱ्याने त्यांना वाट करून दिली. पण शेजारची सून म्हणाली, "राहू द्या. भोवती कुंपण घाला, आणि येईल त्याला सांगत जा."

पुढच्या पावसाळ्यात बघणारे कमी झाले. छोटी मात्र रोज येई, कुंपणाबाहेर म्हाताऱ्याच्या मांडीवर बसे, आणि नवा कोणी आला की म्हाताऱ्याच्या आधी तीच बजावी, "हात लावायचा नाही हं. फूल वाईट आहे. तात्या चांगले आहेत."

तात्पर्य: देताना वस्तूचा गुण सांगितला नाही तरी चालते, दोष मात्र आधी सांगावा. गुण घेणारा आपण होऊन शोधतो. दोष त्याला ताटात सापडतो.