तुंगाक्काचा पडदा

शिरवंडीच्या नारायणाच्या गाभाऱ्यावर पहिला भरलेला पडदा चढला, त्या काळाची ही हकीकत. तो काळ किती मागचा, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतात, तेव्हा ओढ्याकाठचा वड एका माणसाच्या कवेत मावत होता. आज तो वड पाहणाऱ्याने काय तो हिशेब मनाशी करावा.

त्या काळी शिरवंडीत तुंगाक्का नावाची एक बाई राहत होती. देवळाला वाती पुरवण्याचा मान तिच्या घराकडे होता आणि सुईचा हात तर तिला जन्मतःच लाभला होता. त्या मुलखात कशिदा पुष्कळ घरांत चालतो. खणावर कमळ, पदरावर राघू, कुंचीवर तुळशीवृंदावन, असे बायका काढतात. परंतु त्या सगळ्या कशिद्यात कापड मोकळे राहते. कमळाभोवती कापड असते, राघूभोवती कापड असते आणि त्यात कुणालाही काही वावगे वाटत नाही. तुंगाक्कालाही पुष्कळ वर्षे वाटले नव्हते.

एकदा देवळात एक हरिदास आले. कीर्तनात ते म्हणाले, "बाबांनो, जिथे तो नाही अशी तिळाएवढी जागा या विश्वात नाही." लोकांनी माना डोलावल्या, बुक्का लावून घेतला आणि जो तो आपापल्या घरी गेला. तुंगाक्का मात्र देवळातच बसून राहिली. गाभाऱ्याच्या दाराला ठिगळे लावलेला जुना पडदा होता. तिने तो पाहिला आणि तिच्या मनात एक विचार आला. आपण या पडद्यावर चित्र काढले आणि भोवती कोरे कापड सोडले, तर त्या कोऱ्या जागेत तो नाही, असेच आपण सांगितल्यासारखे होईल.

असं म्हणतात, की त्याच क्षणी तिने संकल्प सोडला. नारायणासाठी पडदा भरायचा, तो फुलीच्या टाक्याने भरायचा, आणि कापडाचा एकही धागा उघडा ठेवायचा नाही.

फुलीचा टाका म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक टाका तिरका घालायचा आणि त्याला छेदून दुसरा तिरका घालायचा. झाली एक फुली. ती तिळाहून मोठी नसते. असल्या फुल्यांनी दाराएवढे कापड भरायचे, म्हणजे ओंजळीने तळे भरण्यासारखेच ते काम.

चित्र तिने असे निवडले: प्रलयानंतरचे पाणी, वर काळे आभाळ, आणि त्या अपार पाण्यावर वडाच्या पानावर निजलेले बाळ. पायाचा अंगठा चोखणारे ते बाळ चित्रात तळहाताएवढे. बाकी सारे आभाळ आणि पाणी.

कापड विणले गंगव्वाने. ती साळ्याची बायको. तुंगाक्काच्या घराला लागूनच तिचा माग होता. दुहेरी सुताचे ते कापड इतके सारखे होते, की उभे आणि आडवे धागे डोळे मिटून बोटाने मोजावेत. तुंगाक्काने त्यावर कच्च्या दोऱ्याने चौकोन आखून घेतले आणि नेम केला, की एक चौकोन पुरता भरल्याखेरीज दुसऱ्याला सुई लावायची नाही. तिने सुरुवात केली ती वरच्या कोपऱ्यातून, काळ्या आभाळापासून.

लोक कौतुकाने पाहायला येत. पाहतात तो काळा चौकोन. पुढच्या पंधरवड्याला येत, तो आणखी एक काळा चौकोन. पाणवठ्यावर बायका विचारीत, "अक्का, बाळ कुठवर आलं?" तुंगाक्का म्हणे, "अजून अंधार आहे गं." कुणी अवखळ सून म्हणे, "आमची दोन झाली, तुमचं एक येईना!" त्यावर सगळ्यांआधी तुंगाक्काच हसे.

नरहरभट हे देवळाचे पुजारी. मनाने सात्त्विक, आचाराने कडक. त्यांनीही एकदा विचारले, की अक्का, काळ्या कापडावर नुसते बाळ काढले असते तर काय बिघडले असते? रिकाम्या आभाळाला टाके घालून काय मिळते? तुंगाक्का म्हणाली, "नरहरी, रिकामं आहे हे तुला कुणी सांगितलं?" त्या रात्री जप करताना तो प्रश्न भटजींच्या माळेत अडकून राहिला, असं म्हणतात.

वर्षे गेली. आभाळ भरले, पाण्याची कड लागली, पानाचे टोक दिसले. आणि एका सकाळी बाळाचा अंगठा उमटला. ती वार्ता वाऱ्यासारखी पसरली. बायकांनी खरोखरीच्या बारशाला आणाव्यात तशा घुगऱ्या आणल्या. बाळाचे मुख पुरे झाले त्या दिवशी गावात कुणाचेही तान्हे रडले नाही, असं म्हणतात.

मग सारे म्हणू लागले, की आता पडदा लावा. खाली राहिले आहे ते नुसते पाणी. तेवढे कापड कुणाच्या डोळ्यांत येणार आहे? तुंगाक्का म्हणाली, "मग बाळ निजेल कशावर?" आणि ती पाण्याला लागली.

त्या पाण्यानेच तिचे डोळे नेले. निळ्यात काळे आणि काळ्यात निळे रेशीम ओवता ओवता तिला दोन्हींतला भेद कळेनासा झाला. पुढे तर सुईही दिसेना. खालच्या एका कोपऱ्यातले पाणी तेवढे उरले होते. तुंगाक्का त्या कोऱ्या कोपऱ्यावरून बोटे फिरवीत बसे. देह थकला होता. देवापुढे केलेला संकल्प अपुरा टाकून जावे लागणार, याचीच तिला भीती होती. मरणाची नव्हती.

गंगव्वा रोज तिन्हीसांजेला रेशीम उलगडून द्यायला येई. एके दिवशी तुंगाक्काने सुई तिच्यापुढे धरली. गंगव्वा मागे सरली.

"अक्का, माझा हात डावा हाय. देवाच्या कामाला न्हाई चालत."

खरेच, गंगव्वा डावखुरी होती. तिला लहानपणापासून तो हात पदराखाली झाकायला शिकवले होते. तीर्थ घेताना, हळदीकुंकू लावताना ती उजवा हात पुढे करी आणि तो सदा थरथरे. टाकाही तिने आधी उजव्या हाताने घालून पाहिला. तो वाकडा पडला. तिने तो स्वतःच उसवला आणि सुई खाली ठेवली.

तुंगाक्का म्हणाली, "हे कापड विणताना धोटा तू एकाच हातानं फेकलास का गं?"

गंगव्वाने कापडावरून बोट फिरवले. मग तिने पदराखालचा हात बाहेर काढला.

त्या कोपऱ्याचे पाणी तिने भरले. कुणी पाहिले नाही आणि कुणी विचारलेही नाही. गावाला वाटले, अक्काच भरते आहे. उत्सवाच्या दिवशी सायंकाळी पडदा गाभाऱ्याच्या दारावर चढला, तेव्हा सभामंडपात उभे राहायला जागा नव्हती. तुंगाक्काला हाताला धरून पुढे आणून बसवले. नरहरभटांनी आधी पडद्यालाच ओवाळायचे ठरवले. त्यांनी निरांजन उजवीकडून फिरवले आणि सारे पाणी रेशमी उजेडाने लखलखले. बाळ जणू श्वास घेऊ लागले. मग निरांजन डावीकडे गेले. तो काय आश्चर्य! सारा समुद्र विझला आणि खालचा तेवढा एक कोपरा चंद्र बुडाल्यासारखा उजळला.

टाळ थांबले. कुणी म्हणाले, साक्षात्कार. कुणी म्हणाले, डाग. कशिद्यातली एक जाणती बाई पुढे झाली, वाकून तिने पाहिले आणि हळूच सांगितले, की इथल्या फुल्यांचा वरचा टाका उलट्या अंगाला कलला आहे. असा तो डाव्या हातानेच कलतो.

सगळ्यांच्या माना गंगव्वाकडे वळल्या. ती खांबाला टेकून उभी होती. नरहरभटांनी विचारले. तिने नाकारले नाही.

मग गलबला झाला. कुणी म्हणाले, देवाच्या तोंडावर डाव्या हाताचे काम? कुणी म्हणाले, गावाला दोष लागेल. पुष्कळ विचार होऊन शेवटी असे ठरले, की तेवढा कोपरा उसवावा आणि कोरा ठेवावा. तुंगाक्काचे ओठ तेवढे हलत होते. आता तिला दिसत नव्हते, आणि तिच्यासारखा टाका घालणारे दुसरे कुणी गावात नव्हते. कोपरा उसवला, तर तिचा संकल्प या जन्मी पुरा होणार नव्हता.

गंगव्वाने कमरेची कातर काढली आणि उंबऱ्याच्या अलीकडे ठेवली.

"भटजीबुवा, टाकं मागनं कापत्यात. म्या आत येऊ शकत न्हाई. कातर तुमी घ्या. माजं टाकं कुठलं ते बगून तेवढंच कापा. अक्कांचा एक बी तोडू नगा, एवढी किरपा करा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता आणि टोमणाही नव्हता. नरहरभटांनी कातर उचलली, निरांजन घेतले आणि ते पडद्याआड गेले.

बाहेरून त्यांचा उजेड तेवढा दिसत होता. तो खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. कोपऱ्याशी थबकला, मध्यापर्यंत सरकला, पुन्हा कोपऱ्याशी आला. उजेड मागून फिरत होता, तेव्हा पानावरचे बाळ या कुशीवरून त्या कुशीवर वळले, असं म्हणतात. निरांजनातले तूप केव्हाच सरले होते आणि ज्योत तरीही तेवत होती, असेही म्हणतात.

नरहरभट बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातातली कातर मिटलेलीच होती.

"आतून कळत नाही," ते म्हणाले.

लोकांना उमजेना. तेव्हा त्यांनी सांगितले. फुलीचे तिरके अंग बाहेरच्या बाजूला असते. आतल्या बाजूला प्रत्येक टाक्याची एक लहानशी उभी रेघ उमटते. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या रेघा सारख्याच उभ्या आहेत. अक्काचे काम कुठे संपले आणि गंगव्वाचे कुठे सुरू झाले, ते तिकडून दिसत नाही. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आणि तो तिकडच्या बाजूला असतो."

तरी मागून कुणीतरी हुशारी केली, की बाहेरून सुया टोचून खूण करा, म्हणजे आत बरोबर ठिकाण कळेल.

तेव्हा तुंगाक्का त्या सायंकाळी पहिल्यांदाच बोलली.

"टोचा. पण सुईचं टोक पलीकडे कुणाच्या अंगावर रोखलं जाईल, ते आधी बघा आणि मग टोचा."

कुणी सुई उचलली नाही. नरहरभटांनी कातर तबकात ठेवली, निरांजनात तूप घातले आणि पडद्यासमोर उभे राहून ओवाळायला घेतले. उजवीकडून समुद्र उजळे, डावीकडून तो कोपरा उजळे. ओवाळून झाल्यावर त्यांनी तीर्थाची पळी भरली आणि पहिली तुंगाक्काला दिली. दुसरी त्यांनी गंगव्वापुढे धरली. सवयीने तिचा उजवा हात पुढे आला आणि थरथरू लागला. भटजी पळी धरून तसेच उभे राहिले. मग तिने दुसरा हात पुढे केला. पाण्याचा थेंबही सांडला नाही.

तुंगाक्का त्याच वर्षी गेली. जाताना तिला पुन्हा दिसू लागले होते, असं म्हणतात. काय दिसते म्हणून विचारले, तर ती म्हणाली, "पाणी. सगळं भरलेलं."

तो पडदा पुढे जीर्ण झाला. त्याच्या जागी दुसरा आला, मग तिसरा. प्रत्येक नवा पडदा गावातल्या बायका मिळून भरतात आणि आभाळाचा एकही धागा उघडा ठेवत नाहीत. खालच्या त्या कोपऱ्याचे पाणी डावखुऱ्या बायकांसाठी राखून ठेवलेले असते. ज्या पिढीत कुणी डावखुरी नसेल, त्या पिढीत वाट पाहतात. शिरवंडीत लेकराने डाव्या हाताने घास घेतला तर त्याच्या हातावर कुणी चापटी मारीत नाही. आजी म्हणते, कोपऱ्याला माणूस आलं.

तुंगाक्काच्या तिथीला पडदा उलटा लावतात. त्या एका दिवशी देवाकडची बाजू लोकांना दिसते. तिथे बाळ ओळखू येते, पाणी ओळखू येते, परंतु कुणाचा हात कुठला, ते ओळखू येत नाही. ओवाळण्याआधी पुजारी तबकात एक कातर ठेवतो आणि सभामंडपाला मोठ्याने विचारतो, "ज्याला आपला टाका वेगळा काढता येत असेल, त्याने पुढे यावे."

ज्यांनी पडदा भरला त्या बायका तिथेच बसलेल्या असतात, म्हाताऱ्या असतात, नव्या सुनाही असतात. कुणी उठत नाही. थोडा वेळ वाट पाहून पुजारी निरांजन उचलतो.