बिट्टीची सोंड

एक होती उंदरी. तिचं नाव बिट्टी. बिट्टी एवढीशी. चिंचोक्याएवढी!

आज गावात सोंगं निघणार होती. कुणी वाघ, कुणी मोर. बिट्टीला व्हायचं होतं हत्ती.

नवे कपडे कुठून आणायचे? आईने जुनं गाठोडं सोडलं. जुन्या विजारीचे दोन खिसे. झाले कान! जुन्या परकराची नाडी. झाली शेपूट! तान्ह्या बाळाचा जुना मोजा. झाली सोंड!

आईने मोजा धुतला. काटकीवर वाळत घातला.

भुर्रर्र! कावळेताई आली. मोजा उचलला. गेली घरट्यात.

बिट्टीचे डोळे भरले. सोंडेशिवाय कसला हत्ती? ती निघाली. तुरू तुरू तुरू.

“कावळेताई, कावळेताई, मोजा दे.
मोज्याची करीन सोंड. सोंड लावून डुलेन!”

“काव काव! माझं अंडं गारठतंय. आधी मऊ चिंधी आण.”

बिट्टी गेली बोहारीणमावशीकडे. मावशी जुने कपडे घ्यायची, भांडी द्यायची. तुरू तुरू तुरू.

“मावशी, मावशी, चिंधी द्या.
चिंधी देईन ताईला. ताई देईल मोजा.
मोज्याची करीन सोंड. सोंड लावून डुलेन!”

“देते गं बाई! पण माझं गाठोडं सुटतंय. आधी दोर आण.”

बिट्टी गेली गाईकडे. गोठ्यात जुना दोर लटकत होता. तुरू तुरू तुरू.

“गाई, गाई, दोर दे.
दोर देईन मावशीला. मावशी देईल चिंधी.
चिंधी देईन ताईला. ताई देईल मोजा.
मोज्याची करीन सोंड. सोंड लावून डुलेन!”

“हम्मा! घसा सुकलाय. आधी पाणी आण.”

बिट्टी गेली विहिरीवरच्या रहाटाकडे. तुरू तुरू तुरू.

“रहाटदादा, रहाटदादा, पाणी दे.
पाणी देईन गाईला. गाय देईल दोर.
दोर देईन मावशीला. मावशी देईल चिंधी.
चिंधी देईन ताईला. ताई देईल मोजा.
मोज्याची करीन सोंड. सोंड लावून डुलेन!”

“कुईं... कुईं... अंग कुरकुरतंय. आधी तेल आण.”

बिट्टी गेली द्वारकाकाकूंकडे. काकू ओसरीवर जुन्या साड्यांची गोधडी शिवत होत्या. तुरू तुरू तुरू.

“काकू, काकू, तेल द्या.
तेल देईन रहाटाला. रहाट देईल पाणी.
पाणी देईन गाईला. गाय देईल दोर.
दोर देईन मावशीला. मावशी देईल चिंधी.
चिंधी देईन ताईला. ताई देईल मोजा.
मोज्याची करीन सोंड. सोंड लावून डुलेन!”

“देते हो! पण माझी सुई पडली फटीत. माझा हात काही आत जात नाही.”

बिट्टीने फट पाहिली. एवढीशी फट. एवढीशी बिट्टी! सुर्रकन आत शिरली. आत काळोख. आत कोळिष्टकं. आऽक् छी!

आणि काहीतरी चमकलं. सुई!

काकूंना मिळाली सुई. काकूंनी दिलं तेल.
रहाटाला मिळालं तेल. रहाटाने दिलं पाणी. खळखळ खळखळ!
गाईला मिळालं पाणी. गाईने दिला दोर. ओढ गं ओढ!
मावशीला मिळाला दोर. मावशीने दिल्या चिंध्या. मूठभर!
ताईला मिळाली चिंधी. ताईने दिला मोजा.

उरलेल्या चिंध्या आईने मोज्यात भरल्या. दोन टाके घातले. झाली सोंड!

ढुम ढुम ढुमाक! सोंगं निघाली. वाघ निघाला, मोर निघाला. मागून हत्ती. डुलत डुलत.

काकूंच्या दारात हत्ती थांबला. सोंड वर केली. “काकू, तुम्ही तेल दिलंत म्हणून!”

काकू हसल्या. “अगं, तू सुई दिलीस म्हणून!”

हत्ती रहाटापाशी थांबला. सोंड वर! गाईपाशी थांबला. सोंड वर! मावशीपाशी थांबला. सोंड वर!

मग आलं कावळेताईचं झाड.

टक् टक् टक्! अंडं फुटलं. चिंधीतून इवलीशी चोच बाहेर आली.

“आई, हे कोण गं?”

कावळेताई म्हणाली, “बाळा, हा हत्ती. तुझं पांघरूण ह्यानेच आणलं.”

बिट्टीची सोंड वर वर वर गेली.

हत्ती डुलत डुलत घरी गेला, आणि गोष्ट आपल्या मांडीवर येऊन बसली.