पाणी निवळेपर्यंत

त्या राज्यात डोंगर उकरायला कुणालाच मनाई नव्हती. फक्त उकरायचा तो नियमाने उकरायचा, एवढीच अट होती. नियम तसा साधाच होता. उतारावरची माती जो मोकळी करील त्याने आधी खालच्या अंगाला कूड घालावा, म्हणजे काटक्या आणि पाला दाबून बांधलेला आडोसा. पाऊस आला की पाणी त्यातून झिरपून पुढे जावं आणि माती मागे राहावी. उघडी पडलेली जमीन पावसाच्या आत गवताने झाकावी. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. पिल्लांनासुद्धा तो चालीवर म्हणता येई, आणि पाहुणे आले की त्यांच्यासमोर तो कौतुकाने म्हणवून घेतला जाई.

डोंगराच्या पायथ्याशी ओढा होता आणि ओढ्यात एका पसरट दगडाखाली कुर्ली नावाची खेकडीण राहायची. खेकडे तिरके चालतात म्हणून लोक त्यांच्याबद्दल वाटेल ते बोलतात, पण कुर्लीइतका सरळ जीव त्या ओढ्यात दुसरा नव्हता. नियम केलाय म्हणजे तो पाळला जाणार, असं तिला अगदी मनापासून वाटायचं. हे तिचं पहिलंच बाळंतपण होतं. खेकडिणीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली तरी काही काळ आईच्या पोटाखालच्या घडीत चिकटून राहतात. मग एखाद्या नितळ जागी, गोट्यांच्या फटीफटीत, आई त्यांना सोडते. कुर्लीने ती जागा हेरून ठेवली होती आणि दिवसातून कितीदा तरी तिथे चक्कर मारून यायची.

वरच्या उतारावर घुशींची नवी वसाहत उठत होती. त्यांचे पुढारी उकरे शेठ. अंगाने दांडगे, बोलायला गोड, आणि माती दिसली की ज्यांचे पंजे शिवशिवलेच म्हणून समजा. ऐसपैस बिळं, हवेशीर तोंडं आणि दारात झुळझुळ वाहणारा ओढा, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. बिळांवर गिऱ्हाईक तुटून पडलं, आणि तेवढ्याच वेगाने डोंगर पोखरला जाऊ लागला.

घुशींवर लक्ष ठेवायला राज्याने बोकोबा नावाचं रानमांजर नेमलं होतं. मांजराला घुशींवर नेमलं यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. घूस अंगाने मोठी झाली की मांजर तिच्या वाटेला जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं; पण ते बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

पाऊस लागला आणि ओढ्याला तांबडं पाणी आलं. थोडंफार गढूळ पाणी दरवर्षीच यायचं आणि दुपारपर्यंत निघून जायचं. हे गेलं नाही. त्यात पिठासारखी बारीक माती होती. ती गोट्यांवर बसली, फटींत शिरली, आणि श्वास घेताना कुर्लीच्या कल्ल्यांत जाऊन अडकली. तिने पोटाची घडी घट्ट आवळून धरली आणि कूड कुठे तुटलाय का बघायला उतार चढून गेली.

कूड तुटला नव्हता. छान उंच होता, सरळ रेषेत होता, वेलींनी आवळलेला होता. फक्त त्याचा पाय जमिनीत पुरलेलाच नव्हता. पाणी कुडापर्यंत येत होतं आणि दाराखालून मांजर निसटावं तसं खालच्या फटीतून मातीसकट निसटत होतं. पलीकडचा उतार झाकायला घातलेलं गवतही तिने पाहिलं. ते शेजारच्या टेकाडावरून उपटून आणून नुसतं अंथरलेलं होतं. म्हणजे आता ते टेकाडही उघडं पडलं होतं, आणि तिथलीही माती सुटली होती.

बोकोबा एका कपारीत, अंग कोरडं राखून बसले होते.

"साहेब, जरा चला ना. कुडाच्या खालून माती चाललीय. आत्ता, या घडीला चाललीय."

"आत्ता पाऊस आहे, बाई."

"अहो, पाऊस आहे म्हणूनच तर चाललीय!"

बोकोबांनी पंजा चाटला. "पाहणी उघडीप असतानाच करायची असते. पावसात सगळंच वाईट दिसतं. त्यावरून कुणाची पारख करणं बरं नव्हे."

कुर्ली तिथेच थांबून राहिली. उघडीप झाल्यावर बोकोबा निघाले, पाय झटकत, कोरडी ढेकळं शोधत. कुडाच्या वरच्या बाजूने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, एक काटकी ओढून पाहिली, वेलीची गाठ दाबून पाहिली. बरोबर उकरे शेठ होते. कूड घालायला किती मेहनत पडली ते सांगत होते आणि बोकोबा हुंकार भरत होते.

"साहेब, याचा पाय पुरलेला नाही," कुर्ली म्हणाली.

"नियमात कूड घाला असं आहे. घातलाय. पाय पुरा असं कुठं म्हटलंय?"

"पण मग माती अडणार कशी?"

"ते कुडाचं काम आहे," उकरे शेठ गोड हसून म्हणाले, "आम्ही आमचं केलं."

कुर्लीचा संताप झाला, पण संतापून करणार काय? तिने पंचायतीत जायचं ठरवलं.

पंचायत भरायची ती वरच्या पठारावर, उंबराखाली. सगळ्यात उंच फांदीवर हुप्प्या अण्णा बसत. म्हातारे झालेले, पण शब्दाला वजन असलेले. अण्णांना कुणी लबाड म्हटलं नसतं आणि ते लबाड नव्हतेच. त्यांच्या पंचायतीची एक रीत होती आणि त्या रीतीपायी दूरदूरच्या राज्यांत त्यांचं नाव होतं. फार पूर्वी पाणवठ्यावरून दोन कळप एकमेकांच्या जिवावर उठले होते, तेव्हा कुणा शहाण्याने द्रोणभर गढूळ पाणी दगडावर ठेवून सांगितलं की हे निवळेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. पाणी निवळेपर्यंत डोकीही थंड झाली आणि भांडण मिटलं. तेव्हापासून तक्रार कसलीही असो, तक्रारदाराने आपल्या घरचं पाणी द्रोणात आणायचं, दगडावर ठेवायचं, आणि ते निवळलं की मगच बोलायचं. मध्ये द्रोणाला हात लावायचा नाही. या रीतीचा राज्याला भारी अभिमान होता, आणि तो गैरही नव्हता. फक्त गढूळ पाण्याचीच तक्रार घेऊन तिथे आजवर कुणी आलं नव्हतं.

कुर्लीने पळसाच्या पानांचा द्रोण ओढ्यात बुडवला आणि दोन्ही नांग्यांत धरून ती पठारावर चढली. पोचली तेव्हा द्रोणातलं पाणी चहासारखं तांबडं होतं.

"अण्णा, बघा हो! हे बघा काय प्यायला लागतंय आम्हाला!"

"बघतो, बाळ. आधी ठेव तिथे. निवळू दे."

"निवळल्यावर काय बघणार, अण्णा? गढूळ आहे हीच तर तक्रार आहे!"

पंचायतीत कुजबुज झाली. असं तावातावाने तिथे कुणी बोलत नसे. अण्णांनी हात वर केला आणि सगळे गप्प बसले. ऊन कलत गेलं. माती हळूहळू खाली बसत गेली. शेवटी अण्णा फांदीवरून उतरले, द्रोणात वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाणी तर स्वच्छ आहे की!"

"तळाला बघा ना, अण्णा."

"तळाला गाळ आहे खरा. पण तो तळाला आहे, पाण्यात नाही. पाणी चांगलं आहे." त्यांनी तिच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. "पहिलटकरीण आहेस, जीव घाबरा होतो. सगळं नीट होईल."

रीतीप्रमाणे द्रोण उतारावर उपडा केला गेला आणि पंचायत उठली. कुर्ली एकटीच खाली आली. आपण वेडी तर नाही ना, असं तिला वाटेभर वाटत राहिलं. ओढ्याजवळ आल्यावर तिने पाण्यात नांगी बुडवून पाहिली, तर नांगीचं टोकही दिसेना.

मग एकेक जण ओढा सोडून गेला. ज्यांना पोहून जाता आलं ते खाली गेले. त्यांचं पुढे काय झालं ते कळलं नाही. ज्यांना जाता आलं नाही ते दगडांखाली राहिले आणि दगड गाळाखाली गेले. शेजारची म्हातारी खेकडीण एका सकाळी बिळाच्या तोंडाशी, अर्धी बाहेर, तशीच थांबलेली दिसली. तिच्या कल्ल्यांत माती घट्ट बसली होती. कुर्लीने ती काढायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला आणि खूप रडली.

तिने हेरून ठेवलेली जागाही बुजली. पोटाखाली पिल्लं वळवळत होती. त्यांची आईपासून सुटायची वेळ झाली होती आणि आई त्यांना सोडत नव्हती. घडी आवळून आवळून तिचे स्नायू ठणकत होते. अजून थोडं थांबा रे, अजून थोडं, असं ती दिवसभर पुटपुटत राहायची. कशासाठी थांबा ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ओढा गाळाने भरत भरत काठाला आला आणि तिथे नुसतं सपाट रान झालं. उकरे शेठ ते बघायला आले. बरोबर गिऱ्हाईकं होती. "दारात मोकळं मैदान," ते सांगत होते, "अशी जागा हल्ली मिळत नाही." गिऱ्हाईकांनी पाय आपटून जमीन पाहिली आणि माना डोलावल्या. शेठजी तिथल्या तिथे नव्या बिळांच्या खुणा करू लागले. खुणा करायच्या आधी त्यांनी कूड मात्र घातला. त्या बाबतीत ते फार काटेकोर होते.

ओढ्याचं म्हणावं असं पाणी आता एकाच खळग्यात उरलं होतं, आणि तेही तांबडं. कुर्लीने त्यातच द्रोण बुडवला. खळगा रिकामा झाला.

ती पठारावर पोचली तेव्हा पंचायत भरलेलीच होती. बोकोबा होते, उकरे शेठ होते. तिने द्रोण दगडावर ठेवला. या वेळी ती ओरडली नाही, काही बोललीही नाही. नांग्या पोटाशी धरून ती द्रोणाशेजारी बसली, आणि सगळ्यांबरोबर पाणी निवळायची वाट पाहू लागली. अण्णांना तिचं कौतुक वाटलं. पोर शहाणी झाली, असं ते शेजारच्या वानराला हळूच म्हणालेसुद्धा.

पाणी निवळलं. ऊन आत उतरलं आणि पानांच्या शिरा दिसू लागल्या. कुर्ली त्याकडे बघत राहिली. कित्येक दिवसांत तिने असं पाणी पाहिलं नव्हतं.

"बोल, बाळ," अण्णा म्हणाले.

"अण्णा, माझ्या पोरांना सोडायला जागा राहिली नाही. त्यांची वेळ होऊन गेलीय. आता माझ्याच्याने धरवत नाही. एवढीच तक्रार आहे."

अण्णांचे डोळे खरोखरच पाणावले. त्यांनी द्रोणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"अगं, मग एवढी कासावीस कशाला होतेस? इतकं नितळ पाणी तूच तर घेऊन आलीस. सोड ना त्यात खुशाल. आमची काही हरकत नाही."

"उत्तम," बोकोबा म्हणाले.

"आम्हाला आनंदच आहे," उकरे शेठ म्हणाले.

कुर्लीने द्रोणात पाहिलं. तळाला गाळ होता, ते तिला दिसत होतं. पण वरचं पाणी खरंच नितळ होतं आणि तिच्या पोटाखाली पिल्लं घडीला आतून ढुसण्या देत होती. ओढ्यात दुसरं पाणी उरलं नव्हतं. ती द्रोणाच्या काठावर चढली, डोळे मिटले आणि इतके दिवस आवळून धरलेली घडी तिने सोडली.

पिल्लं एकामागून एक पाण्यात उतरली. इवलीइवलीशी, काचेसारखी. ती पाय पसरत खाली गेली, आणि आनंदाने पंचायतीत एक हुंकार उठला. मग त्यांचे पाय तळाला लागले. गाळ उठला. पिल्लं घाबरून धडपडू लागली तसा आणखी गाळ उठला, आणि बघता बघता द्रोण तांबडा होऊन गेला.

"अण्णा, गेली हो! दिसत नाहीत!" कुर्लीने नांगी आत घातली, चाचपलं, पुन्हा चाचपलं. पाणी जास्तच गढूळ झालं.

दोन वानरांनी तिला धरून मागे घेतलं. त्यांनी तिला दुखवलं नाही, अगदी अलगद धरलं.

"बाळ, हात लावू नको," अण्णा समजुतीने म्हणाले. "सारखं हलवलंस तर निवळणार कसं? थांब जरा. निवळलं की बघू."

त्यांनी हात वर केला आणि सगळे गप्प बसले. पाण्याच्या पृष्ठभागावर आतून बारीक बारीक तरंग उठत होते. मग ते विरळ झाले. मग थांबले. हळूहळू माती खाली बसत गेली, पाणी पुन्हा नितळ झालं, आणि वाकून बघत असलेल्या अण्णांनी समाधानाने मान हलवली.