कावळ्याचं चूर्ण

फार जुन्या काळी गवरी नावाची करकोची आपला थवा घेऊन दूरच्या तळ्याकडे निघाली होती. वाटेत एका कावळ्याने तिला चिमूटभर चूर्ण चाखवलं. "निम्म्या दाण्यांत दुप्पट उडाल!" त्या दिवशी ती खरंच लांब उडाली. मग तिने थव्याचे निम्मे दाणे देऊन सगळ्यांसाठी चूर्ण घेतलं.

म्हातारा सोनबा म्हणाला, "अगं, तेव्हा वारा पाठीशी होता. एकदा चूर्णाशिवाय उडून बघ."

"आजोबा, तुम्हाला नवं काही पटतच नाही," ती फणकारली.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. भर दुपारी धाकटी रेवा भुकेने गळून माळावर कोसळली. सोनबाने आपल्या वाटचे दाणे तिच्या चोचीत घातले. 

रेवाच पुटपुटली, "ताई, मीच चूर्ण कमी खाल्लं असेन."

गवरीला तिच्याकडे बघवेना. "नाही गं," एवढंच तिला बोलता आलं.