न बुजणारा घोडा

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतली नगरात अश्मकांचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका कापडव्यापाऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव उत्पल. माणूस सालस, व्यवहाराला चोख, पण अतिशय भित्रा. पाल चुकचुकली तरी तो दचकायचा. वीज कडाडली की दुकानातली गिऱ्हाईके आधी त्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग हसायची. त्याच्याकडे एक करडी घोडी होती, ती त्याच्याहून बुजरी. वाळके पान उडाले तरी ती आडवी सरकायची. तिचे नाव त्याने कावरी ठेवले होते. धन्याला शोभेल अशीच घोडी मिळाली, असे सगळी पेठ म्हणायची, आणि बोधिसत्त्व ते मुकाट्याने ऐकून घ्यायचा, कारण ते खरेच होते.

शेजारच्या दुकानात वसुदत्त नावाचा धान्याचा व्यापारी होता. तो बोधिसत्त्वाचा लहानपणापासूनचा मित्र. हा जितका भित्रा तितका तो धीट. दोघांचे पटायचे कसे हे लोकांना कोडे होते, पण पटायचे खरे.

त्या वर्षी नगराच्या उत्तरेकडच्या घाटात एक वाघ माणसांना चटावला. तो कुणाचा पाठलाग करीत नसे. वाटेच्या कडेला बसून राही. त्याचा वास आला की घोडे उधळत, स्वार खाली पडत, आणि जो पडे त्याला वाघ उचलून नेई. वसुदत्ताचा धाकटा भाऊ असाच गेला. त्याचा घोडा घामाने निथळत एकटाच वेशीपाशी येऊन उभा राहिला, खोगीर पोटाखाली लोंबत होते. तेव्हापासून पोतलीचे लोक वाघापेक्षा घोड्यांच्या भित्रेपणावर जास्त चिडले. बाजारात जो तो एकच गोष्ट विचारू लागला, न बुजणारा घोडा आहे का?

मागणी असली की माल येतोच. उत्तरेकडून एक घोडेविक्या आला आणि त्याने एक उंच तांबडा घोडा मैदानात आणून उभा केला. बघायला अर्धे गाव लोटले. घोडेविक्याने घोड्याच्या कानाशी नगारा बडवला. घोडा हलला नाही. त्याने पुढ्यात गवत पेटवले. घोडा हलला नाही. शेवटी त्याने वाघाचे ओले कातडे घोड्याच्या पाठीवर फेकले. बाजारातली बाकीची घोडी दावणी तोडू लागली, कावरीने तर बोधिसत्त्वाला फरफटत नेले, पण तो तांबडा घोडा होता तिथेच उभा राहिला. लोकांनी जल्लोष केला. वसुदत्ताच्या डोळ्यांत पाणी आले. असा घोडा आपल्या भावाकडे असता तर, हेच त्याच्या मनात आले असावे.

वसुदत्ताला घोडा हवा होता त्याला आणखी एक कारण होते. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती, आणि त्यांची एकुलती एक मुलगी मेखला घाटापलीकडे आजोळी होती. आई रोज दाराकडे बघे आणि म्हणे, "माझ्या मेखलेला एकदा आणा हो." वैद्य काही बोलत नव्हते, आणि त्यांच्या न बोलण्याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळत होता.

बोधिसत्त्व कावरीला शांत करून परत आला आणि त्या घोड्याजवळ जाऊन उभा राहिला. एक माशी घोड्याच्या डोळ्याच्या ओल्या कडेवर बसली होती. घोड्याने पापणी मिटली नाही, मान झटकली नाही, शेपटीही हलवली नाही. माशी बुबुळावर चढली, तरी तो समोर बघत राहिला. बोधिसत्त्वाच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने हात पुढे करून माशी हाकलली.

"याला असे कसे तयार केलेत?" त्याने विचारले.

"ती आमच्या घरची विद्या आहे, धनी," घोडेविक्या खुशीत येऊन म्हणाला. "आमच्याकडे पिंजऱ्यात वाघ असतो. शिंगरू चांगले उभे राहायला लागले की चारी पाय बांधून पिंजऱ्याला लागून ठेवायचे. आधी ते तडफडते, ओरडते. मग चारा सोडते. मग एके सकाळी जाऊन बघावे तर अगदी गप्प. त्यानंतर तुम्ही काहीही करा, ते हलायचे नाही."

"सगळीच गप्प होतात?"

"जी जगतात ती सगळी."

लोकांनी माना डोलावल्या. केवढी मेहनत, असे कुणीतरी म्हणाले. बोधिसत्त्वाने वसुदत्ताचा हात धरून त्याला बाजूला नेले.

"वसू, हा घोडा घेऊ नकोस."

"का? काय खोट आहे त्याच्यात?"

"तो धीट नाही. मी भित्रा आहे, मला भीती ओळखता येते. भिणाऱ्याला वाटत असते की आपण पळू, आपण वाचू. ह्याला तसे काही वाटतच नाही. उद्या वाघ समोर आला तर हा उधळणार नाही, हे खरे. पण पळ म्हटलेस तरी पळणार नाही. पाय बांधल्यासारखा उभा राहील."

वसुदत्त हसला, पण त्याचा आवाज चढला. "तू पालीला भितोस, उत्पल. तुला घोड्यात काय कळणार? माझा भाऊ भित्र्या घोड्याने मारला. त्याच वाटेने मला मेखलेला आणायचे आहे. तिला कशावर बसवू? तुझ्या कावरीवर?"

"हो. कावरीवर. ती उधळेल, पण वाघाच्या उलट्या दिशेला उधळेल. तिला घट्ट धरून बसायचे एवढेच. मी तुला ती देतो."

"स्वतःच्या सावलीला बुजणाऱ्या घोडीवर मी माझी पोर बसवू? वेडा झालास की काय?"

बोधिसत्त्वाने पुन्हा पुन्हा विनवले. वसुदत्ताला राग आला आणि रागाच्या भरात त्याने तिथल्या तिथे सौदा करून टाकला. चांगला सल्ला वेळेवर मिळूनही फुकट जातो, हे काही त्याच दिवशी पहिल्यांदा घडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुदत्त तांबड्या घोड्यावर बसून वेशीपाशी आला तर तिथे बोधिसत्त्व कावरीवर बसून थांबलेला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू कशाला?" वसुदत्ताने विचारले.

"तू माझे ऐकले नाहीस म्हणून," बोधिसत्त्व म्हणाला. "ऐकले असतेस तर मी घरी बसलो असतो. माझी तेवढीच इच्छा होती."

जाताना घाटात काहीच झाले नाही. बोधिसत्त्व प्रत्येक झुडपाकडे जीव मुठीत धरून बघत होता. कावरी तर वाटभर नाचत होती. तांबडा घोडा मात्र खाली मान घालून एका लयीत चालत राहिला, आणि वसुदत्त मागे वळून वळून मित्राची चेष्टा करीत राहिला. आजोळी मेखला धावत आली. तिचे दुधाचे दात नुकतेच पडू लागले होते. पडलेला एक दात आईला दाखवायचा म्हणून तिने पदराला गाठ मारून बांधून ठेवला होता. ती रात्र त्यांनी तिथेच काढली आणि उजाडताच तिला तांबड्या घोड्यावर वसुदत्ताच्या पुढ्यात बसवून ते परत निघाले.

घाटाच्या मध्यावर वाट एका ओढ्याला वळसा घालते. तिथे पोचेपर्यंत झाडांवर वानरांची गडबड चालली होती. ती एकदम थांबली. कावरीने कान टवकारले, नाकपुड्या फुलवल्या आणि पाय रोवले. काही केल्या ती पुढे पाऊल टाकेना.

"वसू, थांब," बोधिसत्त्व म्हणाला.

वसुदत्ताने हात हलवून त्याला गप्प केले. तांबडा घोडा वळणावरून पुढे गेला. वाघाचा वास त्यालाही आला असेल. पण चाल, असे सांगितले होते म्हणून तो चालत राहिला, आणि वाघ दिसला तेव्हा थांबला.

वाघ वाटेवरच बसला होता. त्याला घाई नव्हती. त्याने मान वर केली, घोड्याकडे पाहिले, मग घोड्यावरच्या दोघांकडे पाहिले, आणि हळूहळू पोट जमिनीला टेकवले.

वसुदत्ताने लगाम खेचला. घोडा वळेना. त्याने टाचा मारल्या, मुठी मारल्या. घोड्याने चारी पाय एकमेकांजवळ आणले, मान खाली घातली आणि तो अगदी तसाच उभा राहिला, जसा पिंजऱ्यापाशी उभा राहत असेल. आता वसुदत्ताला सगळे कळले.

"बाबा, हा चालत का नाही?" मेखलेने विचारले.

वळणामागे बोधिसत्त्वाने हे ऐकले. त्याची घोडी मागे फिरण्यासाठी जिवाचा आकांत करीत होती. त्याने लगाम नुसता सैल सोडला असता तरी ती त्याला डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मोकळ्या माळावर घेऊन गेली असती. त्याला दोष कुणी दिला नसता. त्याने आधीच सांगितले होते, पुन्हा पुन्हा सांगितले होते. ही गोष्ट त्याच्या मनात आली, आणि आली त्याची त्याला लाज वाटली. तो खाली उतरला. कावरीला लगामाने ओढत, तिच्या कानाशी पुटपुटत तो वळण ओलांडून मित्रापाशी गेला.

त्याने मेखलेला उचलून कावरीवर ठेवले. "आयाळ धर, बाळ. मिठी मारून धर, सोडू नकोस. वसू, उतर. तिच्या मागे बस."

"आणि तू?"

"ती तिघांना नेऊ शकत नाही. बस लवकर!"

वसुदत्त बसला. लगाम सुटताच कावरी मागच्या मागे वळली आणि आली त्या वाटेने चौखूर उधळली. तिला आवरण्याची गरज नव्हती. टापांचा आवाज लांब लांब जात नाहीसा झाला.

बोधिसत्त्व उरला, आणि तो घोडा उरला. वाघ एक पाऊल पुढे सरकला. वाटेच्या कडेला खालीच फांद्या फुटलेले झाड होते आणि त्यावर चढायला वेळही होता. बोधिसत्त्वाने झाडाकडे पाहिले. मग त्याने घोड्याच्या डोळ्यांकडे पाहिले. ह्याला एकदा वाघापाशी एकटे सोडून माणसे निघून गेली होती, असे त्याला वाटले. तेच आता आपण करायचे?

त्याने दोन्ही हातांनी घोड्याच्या गळ्याला मिठी मारली. धीर द्यावा असे त्याच्यापाशी काही नव्हते. घाबरू नकोस, हे तो कुठल्या तोंडाने सांगणार? त्याचे दात वाजत होते, छाती धडधडत होती, अंग पानासारखे कापत होते. "मला फार भीती वाटते रे," तो घोड्याच्या कानात म्हणाला. "फार भीती वाटते. पण मी इथे आहे."

वाघ आणखी पुढे आला. आता त्याच्या मिशा दिसत होत्या.

तेव्हा बोधिसत्त्वाच्या तळव्याखाली घोड्याची कातडी किंचित थरारली. माशी बसल्यावर कुठल्याही घोड्याची थरारते तेवढीच. मग एक कान वळला. मग खांद्यापासून शेपटीपर्यंत एक कंप गेला, दुसरा गेला, आणि घोडा लटलटा कापू लागला. त्याने मान वर केली. त्याला वाघ दिसला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच. तो असा खिंकाळला की सारा घाट दणाणला. शिंगरू असताना जे ओरडणे अर्धवट राहिले होते ते त्याने त्या एका क्षणात पुरे केले. वाघाने झेप घेतली, आणि त्याच क्षणी घोडा उधळला.

बोधिसत्त्वाने आयाळ सोडली नाही. काही अंतर तो फरफटत गेला, मग कसाबसा पाठीवर चढला. वाघाच्या पंजाचे तीन ओरखडे घोड्याच्या मांडीवर उमटले, त्याहून जास्त त्याच्या हाती काही लागले नाही.

माळावर वसुदत्त मुलीला कवटाळून बसला होता. घोडा आला आणि थांबला, पण त्याचे कापणे थांबेना. अंगाला फेस आला होता. वसुदत्ताने मित्राला हात देऊन खाली उतरवले. तो म्हणाला, "तू सांगितले होतेस."

"ते राहू दे," बोधिसत्त्व म्हणाला. "आधी त्याच्या अंगावर काहीतरी घाल. थंडी भरली आहे त्याला."

पुढे एका मोठ्या तांड्याबरोबर, ढोल वाजवीत आणि मशाली घेऊन, ते घाट ओलांडून घरी आले. मेखलेने पदराची गाठ सोडून आईच्या तळहातावर दात ठेवला. आईने मूठ मिटली, ती दिवसभर उघडली नाही.

तांबडा घोडा बोधिसत्त्वाकडे राहिला. तो पुढे इतका बुजरा निघाला की फुलपाखरालाही वाट सोडून देई. पेठेतले लोक पोट धरून हसत. पण कुणाला नवा घोडा घ्यायचा झाला की हेच लोक आधी बघत, तो अंगावरची माशी हाकलतो की नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली त्याला एक निमित्त घडले होते. आदल्या दिवशी सभेत साप निघाला. सगळे भिक्षू उठून पळाले, सुयाम नावाचा एक भिक्षू मात्र जागचा हलला नाही. साप त्याच्या पायावरून गेला. हा सुयाम तारुण्यात शत्रूच्या कैदेत बरीच वर्षे काढून आलेला, फारसा न बोलणारा. भिक्षू गुणक त्याची फार वाखाणणी करू लागला, याने भय जिंकले आहे, असे म्हणू लागला. म्हणून शास्त्यांनी मागचा जन्म उलगडून दाखवला आणि ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा वसुदत्त म्हणजे आजचा हा गुणक. त्या वेळीही तो असाच फसला होता. तो तांबडा घोडा म्हणजे सुयाम. आणि तो भित्रा उत्पल मीच होतो. स्वतः भीत असतानाही दुसऱ्याच्या भयापाशी थांबावे, याला मैत्री म्हणतात. मी त्या जन्मी मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची पूर्णता, आचरली."

एवढे बोलून शास्ते आसनावरून उठले, सभेच्या अगदी मागे गेले आणि सुयामाच्या शेजारी, त्याच्या खांद्याला खांदा लागेल असे बसले. मग सुयामाचा हात थरथरू लागला.